विरजण आणि विज्ञान : आतड्यांतील जिवाणूंविषयीच्या एका आशेचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत विज्ञान शिकवीत आणि तेही आग्रहाने मराठीतून. बडोद्यात हे नवल नव्हते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ज्ञानविज्ञानाचे ग्रंथ मराठीत व गुजरातीत यावेत म्हणून येथे ग्रंथमाला चालविल्या, आणि त्या वातावरणाचा वारसा आमच्या पिढीपर्यंत पोहोचला होता. तेव्हा जन्मभर मराठी शिकविलेल्या माझ्यासारख्याने आज जिवाणूंविषयी बोलावे, हे गुरुवर्यांना फारसे खटकले नसते असे मला वाटते. मी वैद्य नव्हे आणि जीवशास्त्रज्ञही नव्हे. एखादी कल्पना कशी जन्मते, कशी पसरते आणि तिच्यातले काय टिकते, एवढाच माझ्या कुतूहलाचा प्रांत आहे.

विषयाची निवड मात्र माजी विद्यार्थ्यांनीच केली, असे म्हणावे लागेल. पन्नाशी-साठीला आलेले माझे विद्यार्थी भेटले की बोलणे लवकरच साखर आणि वजन या दोन विषयांवर येते. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. आतड्यांतले ‘चांगले जंतू’ वाढविले की वजन उतरते आणि मधुमेह आटोक्यात येतो, हे खरे का, असे ते विचारतात. कोणाच्या हाती महागड्या कॅप्सुलांची कुपी असते, तर कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करण्याच्या विचारात असतो. मी स्वतः बरीच वर्षे मधुमेही आहे. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे तर आधी इतिहास पाहिला पाहिजे.

प्रारंभ आपल्या भाषेपासून करतो. दुधात आंबटपणा दोन प्रकारांनी येतो आणि मराठीने त्यांसाठी दोन निरनिराळी क्रियापदे ठेविली आहेत. दूध नासते आणि दूध विरजते. नासणे ही हानी. विरजणे हे गृहिणीने हेतुपुरस्सर केलेले काम. सूक्ष्मदर्शक यंत्र जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या स्वयंपाकघराला हा भेद ठाऊक होता. कोमट दुधात कालच्या दह्याची कवडी घालावी, भांडे झाकून उबेला ठेवावे, थंडीच्या दिवसांत विरजण थोडे अधिक घ्यावे, ही सारी कृती म्हणजे जिवाणूंची शेतीच होती. शेतकऱ्याला आपले पीक दिसत नव्हते इतकेच. गंमत अशी की त्याच भाषेत एखाद्याच्या उत्साहावर विरजणही पडते! उकळत्या आनंदात काहीतरी आंबट मिसळून तो थिजून जातो. विरजणाचे हे दोन्ही अर्थ आज आपल्या उपयोगी पडणार आहेत.

शास्त्राच्या भाषेत मात्र हा भेद फार उशिरा आला. डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८१ मध्ये आपल्याच विष्ठेत आणि १६८३ मध्ये दातांवरच्या किटणात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले व लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळविले. त्याला ते जीव नवलाचे वाटले, भीतीचे वाटले नाहीत. भीती आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लुई पाश्चर याने १८५७ मध्ये दूध आंबण्याच्या क्रियेमागे सजीव असल्याचे दाखविले. पुढे त्याच्या व रॉबर्ट कॉख याच्या संशोधनातून रोगांमागचे जिवाणू एकेक करून उघडकीस येऊ लागले. या ज्ञानाने कोट्यवधी माणसे वाचली. परंतु त्याबरोबरच ‘जंतू’ या शब्दाचा अर्थ आक्रसला. कोणताही प्राणी असा ज्याचा जुना व्यापक अर्थ, तो शब्द केवळ शत्रूचा वाचक झाला. आपणही जंतुनाशक, जंतुसंसर्ग, निर्जंतुक असे शब्द घडविले. जंतुपालक असा शब्द कोणाला सुचला नाही.

तरीही शत्रूंच्या या गर्दीत काही शेजारी दिसू लागले होते. म्युनिकचा बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश याने १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतून जो जिवाणू वेगळा केला, तो आज त्याच्याच नावाने ‘एशेरिशिया कोलाय’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी पाश्चरने असे मत मांडले की सूक्ष्मजीवांवाचून प्राण्यांचे जीवन अशक्य ठरेल. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये नटॉल आणि थिअरफेल्डर या दोघांनी गिनिपिगांची पिल्ले संपूर्ण निर्जंतुक अवस्थेत काही दिवस जगवून या मताला आव्हान दिले. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए याला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत दुभंगलेल्या आकाराचे जिवाणू विपुल आढळले. जुलाब झालेल्या मुलांत ते कमी होते. हेच आजचे ‘बिफिडोबॅक्टेरियम’.

आणि येथे आपल्या कथेचा नायक प्रवेश करतो. खारकोव्हजवळच्या एका खेड्यात १८४५ मध्ये जन्मलेला एली मेचनिकॉफ हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा खुपसून त्याने पाहिले, तो फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या! परकीय कणांना गिळणाऱ्या या भक्षकपेशींच्या शोधासाठी त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिश याच्यासमवेत मिळाले. परंतु लोकांत त्याचे नाव झाले ते दह्यामुळे. त्याचा तर्क असा : मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे निर्माण होतात, ती रक्तात जातात आणि वार्धक्य ओढवते. दुधात आम्ल वाढले की कुजण्याची क्रिया थांबते, हे सर्वांना ठाऊकच आहे. मग आम्ल निर्माण करणारे जिवाणू पोटात सोडले तर तेथील कुजणेही थांबेल. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेले दूध पितात आणि दीर्घायुषी असतात, ही माहिती त्याच्या तर्काला पोषक ठरली. स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनीव्हात त्या दह्यातला दंडाकृती जिवाणू शोधून काढलाच होता. १९०४ चे मेचनिकॉफचे पॅरिसमधील व्याख्यान आणि १९०७ चा आयुर्मर्यादेविषयीचा ग्रंथ यांनी युरोप-अमेरिकेत आंबट दुधाची लाट आणली. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन हे तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकीत! मेचनिकॉफ स्वतः नित्यनेमाने आंबट दूध पीत असे. १९१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने तो निवर्तला.

या तर्कसाखळीकडे आपण जरा थांबून पाहू. तिच्यातली निरीक्षणे बहुतांशी खरी होती. दुधातले आम्ल कुजणे थांबवते हे खरे, शेतकरी आंबट दूध पीत हेही खरे. परंतु दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, आणि भांड्यात जे घडते ते आतड्यात घडेलच असे नाही. कारणावाचूनचे साहचर्य आणि भांड्यावरून पोटाविषयी अनुमान, हे दोन सांधे कच्चे राहिले. पुढील शंभर वर्षे ही आशा वारंवार याच दोन सांध्यांपाशी मोडलेली आपल्याला दिसेल.

पहिली कसोटी लवकरच झाली. अमेरिकेतील येल विद्यापीठात लिओ रेटगर व त्याचा सहकारी चेपलिन यांनी १९२०-२१ च्या सुमारास दाखविले की बल्गेरियन दह्यातला जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही. तो पाहुण्यासारखा येतो आणि निघून जातो. आधीच, १९१७ मध्ये, जर्मन वैद्य अल्फ्रेड निस्ले याने, सोबत्यांना हगवण लागली असता एकटा निरोगी राहिलेल्या सैनिकाच्या विष्ठेतून कोलाय जातीचा एक उपकारक वाण मिळविला होता. १९१९ मध्ये आयझॅक कारासो याने बार्सिलोनात दह्याचा उद्योग काढला व मुलगा डॅनियल याच्या लाडक्या नावावरून त्याला डॅनोन म्हटले. ते दही प्रथम औषधांच्या दुकानांतून विकले जाई. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये निवडलेल्या वाणाचे पेय १९३५ पासून ‘याकुल्ट’ नावाने विक्रीस आले. मात्र या सर्वांच्या डोळ्यांसमोर होते ते जुलाब, हगवण आणि दीर्घायुष्य. वजनाचा प्रश्न अद्याप कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न आला कुक्कुटपालनातून. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या भीमावरमच्या सुपुत्राच्या संशोधन-संचालकत्वाखाली ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक सिद्ध झाले. ते ज्या बुरशीसदृश जिवाणूपासून मिळे, त्याचा उरलेला चोथा थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी कोंबडीच्या पिल्लांना चारून पाहिला. त्यांना हवे होते ब-१२ जीवनसत्त्व. हाती आले ते वेगळेच. पिल्ले अपेक्षेहून अधिक वेगाने वाढली आणि याचे श्रेय चोथ्यातील प्रतिजैविकाच्या अंशाला असल्याचे १९५० मध्ये जाहीर झाले. संपूर्ण निर्जंतुक जागेत वाढविलेल्या पिल्लांवर मात्र हा परिणाम दिसत नाही, हेही पुढे आढळले. म्हणजे या वाढीचा मार्ग आतड्यांतील जिवाणूंमधून जात होता. पशुपालकांनी कारण न विचारता लाभ घेतला. जंतू औषधांना दाद देईनासे होतील या भीतीने युरोपीय संघाने २००६ च्या आरंभापासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास पूर्ण बंदी केली. ज्या औषधाने जनावरे पुष्ट होतात ते माणसाच्या मुलांचे काय करीत असेल, ही शंका आज जगातल्या अनेक प्रयोगशाळांत तपासली जात आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन ब्लेझर यांच्या गटाने २०१२ मध्ये कोवळ्या उंदरांना अल्प मात्रेत प्रतिजैविके दिली असता त्यांच्या अंगी मेद वाढल्याचे नोंदविले आहे.

खरा स्फोट झाला तो सेंट लुई येथील जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत. २००४ मध्ये त्यांच्या गटाने जन्मापासून निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांच्या आतड्यांत सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत त्या उंदरांच्या शरीरातील मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, आणि तोही खाणे कमी झाले असताना! २००६ मध्ये त्यांनी लठ्ठ उंदरांचे जिवाणू काही निर्जंतुक उंदरांना व सडपातळ उंदरांचे इतरांना दिले. पहिल्यांचा मेद सरासरी ४७ टक्के, तर दुसऱ्यांचा २७ टक्के वाढला. २०१३ मध्ये, एक लठ्ठ व एक सडपातळ अशा जुळ्या माणसांचे जिवाणू उंदरांत घातले तेव्हाही लठ्ठपणा जणू जिवाणूंबरोबर स्थलांतरित झाला. मात्र या प्रयोगातली एक बाब वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून गळाली. दोन्ही गटांचे उंदीर एकत्र ठेवले असता सडपातळांचे जिवाणू लठ्ठांच्या आतड्यांत शिरून त्यांचे रक्षण करीत; पण केव्हा? खाणे कमी स्निग्ध आणि तंतुमय असेल तेव्हाच.

हे घडते कसे, याचा थोडक्यात उलगडा असा. भाज्या, कडधान्ये, भरड धान्ये यांतील जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवितात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले बनतात. ब्युटिरेटवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. शिवाय या आम्लांच्या संवेदनेने आतड्यांतून जीएलपी-१ सारखी संप्रेरके स्रवतात, जी भूक शमवितात व इन्शुलिनला साहाय्य करतात. वजन उतरविणारी जी नवी इंजेक्शने गाजत आहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल होत. उलट अतिस्निग्ध आहाराने अस्तराची राखण सैल पडली, तर काही जिवाणूंच्या कवचातील विषारी अंश रक्तात झिरपून मंद दाह निर्माण करतो आणि इन्शुलिनचा प्रभाव घटतो, असे बेल्जियममधील पॅट्रिस कानी यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. मेचनिकॉफच्या ‘आतड्यांतून झिरपणाऱ्या विषा’ची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. या वेळी विष नेमके कोणते, हे सांगता येत होते आणि मोजताही येत होते.

आता माणसाकडे वळू. येथेच उत्साहावर विरजण पडते. लठ्ठ माणसांत ‘फर्मिक्युट्स’ नावाचा जिवाणूसंघ अधिक व ‘बॅक्टेरॉइडेटीस’ कमी, असे २००६ मध्ये वाटले होते. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा नियम टिकला नाही. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ साली स्थूल पुरुषांना सडपातळ दात्यांचे विष्ठा-जिवाणू देण्यात आले. सहा आठवड्यांनी त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली, वजन मात्र हलले नाही. आणि तसाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा अठरा आठवड्यांपर्यंत ती सुधारणाही विरून गेली. जपानमधील २०१० च्या चाचणीत ‘लॅक्टोबॅसिलस गॅसेरी’चा एक वाण असलेले दूध बारा आठवडे घेणाऱ्यांच्या पोटातील मेदाचे क्षेत्र ४.६ टक्क्यांनी घटले. तथापि सेवन थांबताच लाभही ओसरतो, असे त्याच गटाला पुढे आढळले. पंधरा चाचण्यांतील ९५७ माणसांचा एकत्रित हिशोब २०१८ मध्ये मांडला गेला. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे वजन इतरांच्या तुलनेत सरासरी सुमारे ६०० ग्रॅमने अधिक घटले होते. ‘अक्करमन्सिया’ हा २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम वर्णिलेला जिवाणू आज विशेष आशेचा विषय आहे. २०१९ च्या चाचणीत ३२ माणसांनी तीन महिन्यांचा प्रयोग पूर्ण केला. त्यात हा जिवाणू घेणाऱ्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली आणि कोलेस्टेरॉल उतरले. वजनातील घट मात्र निर्णायक ठरली नाही. नवलाची गोष्ट अशी की जिवंत जिवाणूंपेक्षा उष्णतेने मारलेले अधिक गुणकारी ठरले!

शब्दांच्या अभ्यासकाने येथे एक शब्द तपासला पाहिजे. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द १९५० नंतरचा. त्याचा अर्थ बदलत बदलत २००१ मध्ये अर्जेंटिनातील कॉर्दोबा येथे जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी निश्चित केला : पुरेशा मात्रेत दिले असता यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. या व्याख्येत ‘पुरेशा मात्रेत’ आणि ‘लाभ’ या दोन अटी आहेत आणि दोन्ही सिद्ध कराव्या लागतात. एका वाणाचा गुण दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही; एकाच आडनावाची सारी माणसे गवई नसतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये दाखविले की तेच जिवाणू एकाच्या आतड्यात स्थिरावतात व दुसऱ्याच्या आतड्यातून हाकलले जातात. आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू आहेत, हे वाक्यही अनेक दशके पाठ्यपुस्तकांत होते. २०१६ मध्ये नीट मोजणी झाली तेव्हा अंदाज निघाला तो ३० लक्ष कोटी पेशींमागे ३८ लक्ष कोटी जिवाणू, म्हणजे जवळजवळ बरोबरीचा.

आपल्या देशापुरते बोलायचे तर वजनाचा काटाच अपुरा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिनांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! दिसण्यात कृश पण आतून स्निग्ध अशा आपल्या देहांना परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपली आतडीही निराळी आहेत. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेने भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी माणसांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय आतड्यांत, विशेषतः शाकाहारप्रधान भोपाळकरांत, ‘प्रिव्होटेला’ हा वनस्पतीतंतू आंबविणारा जिवाणू विपुल आढळला. आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात निस्लेच्या त्या सैनिकाकडून आलेल्या वाणात जनुकीय बदल करून उंदरांच्या चयापचयावर प्रयोग झाले आहेत. शेजारच्या आणंदहून २००७ मध्ये प्रोबायोटिक आइस्क्रीमही बाजारात आले. त्यात साखरेचे आणि बिनसाखरेचे असे दोन्ही प्रकार होते, यावरून काय तो बोध घ्यावा.

मग आपल्या दह्याचे काय? घरच्या विरजणात कोणते वाण, किती, हे कोणी मोजलेले नसते. म्हणून काटेकोर व्याख्येत ते प्रोबायोटिक ठरत नाही. पण म्हणून ते निरर्थकही नाही. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांवरील २०२१ च्या प्रयोगात, दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली व दाहाशी संबंधित १९ प्रथिने रक्तात घटली. ताक, आंबील, इडली, ढोकळा, गोव्याच्या सान्ना यांची परंपरा मोडण्याचे काहीच कारण नाही. तिच्यावर औषधाचे ओझे लादण्याचेही नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना म्हणून मी एवढेच सांगेन. डॉक्टरांनी दिलेली मधुमेहाची गोळी कोणत्याही कुपीच्या भरवशावर बंद करू नका. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्यांनी जिवंत जिवाणूंची औषधेही वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. कुपी विकत घेण्याआधी वाण कोणता, मात्रा किती, चाचणी कोणावर झाली आणि लाभ किती निघाला, हे चार प्रश्न विचारा. प्रतिजैविके मनाने घेऊ नका. भाकरी, उसळ, पालेभाजी यांनी पोटातल्या शेजाऱ्यांना रोजचे अन्न द्या. विरजण कितीही उत्तम असले तरी दुधावाचून दही लागत नाही. आणि आणखी एक. स्थूल माणसाला आळशी वा खादाड म्हणून हिणविण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. शाळेच्या वर्गातही ती असते. सारख्याच अन्नावर दोन देह निरनिराळे का वाढतात, याची कारणे रक्तात, जनुकांत आणि आतड्यांतही असतात, एवढे तरी या संशोधनाने निर्विवाद दाखविले आहे. ती थट्टा थांबली, तर या विद्येचा एक लाभ आजच्या आज पदरात पडेल आणि त्याला कोणत्याही चाचणीची वाट पाहावी लागणार नाही.

मेचनिकॉफची आशा खोटी ठरली असे मी म्हणणार नाही. तिला मोजमापाची शिस्त लागत आहे, आणि हे काम पिढ्यांचे आहे. या शाळेतील एखाद्या मुलाने किंवा मुलीने त्यात भर घालावी आणि ती आम्हाला मराठीत समजावून सांगावी, अशी इच्छा व्यक्त करतो.